मोबाइलवरून टीमचा झटपट फीडबॅक घेताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

मोबाइलवर फीडबॅक फॉर्म बनवायला दहा मिनिटं पुरतात, आणि बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो. आधी ॲप उघडलं जातं, मग सुचतील ते प्रश्न टाकले जातात, लिंक ग्रुपवर जाते. उत्तरं आल्यावर प्रश्न पडतो की आता यांचं करायचं काय. दोन-तीन वेळा असं झालं की लोक लिंक उघडायचंच सोडून देतात, आणि मग ‘आमच्या लोकांना बोलायलाच नको असतं’ असा निष्कर्ष निघतो. लोकांना बोलायचं असतं. बोलून काहीच हललं नाही, हे मात्र ते विसरत नाहीत.

खालचा क्रम टीमकडून फीडबॅक घेणाऱ्यासाठी आहे, मग तुम्ही टीम लीड असा, मॅनेजर असा किंवा एचआरमध्ये. एकाच व्यक्तीला तिच्या कामाबद्दल मोबाइलवरून फीडबॅक द्यायचा असेल तर त्याची रीत वेगळी आहे. ती शेवटून दुसऱ्या टप्प्यात दिली आहे. दोन्हींची सरमिसळ करू नका.

टप्पा १: कोणता निर्णय अडला आहे ते एका वाक्यात लिहा

ॲपला हात लावण्याआधी कागदावर किंवा नोट्समध्ये एक वाक्य लिहा: ‘उत्तरं अशी आली तर मी हे बदलीन, तशी आली तर ते बदलीन.’ उदाहरणार्थ: ‘सकाळची रोजची मीटिंग बहुतेकांना निरुपयोगी वाटत असेल तर ती आठवड्यातून दोनदा करीन, उपयोगी पण लांब वाटत असेल तर पंधरा मिनिटांवर आणीन.’

हे वाक्य जमत नसेल तर फीडबॅक घ्यायची वेळ अजून आलेली नाही. ‘टीमचा मूड कसा आहे ते बघू’ एवढ्यावर फॉर्म पाठवला की उत्तरंही तशीच मोघम येतात.

दुसरी गोष्ट, तो बदल तुमच्या हातात आहे का? पगार, बढती, मनुष्यबळ या गोष्टी तुमच्या अखत्यारीत नसतील तर त्यांवर प्रश्न विचारू नका. विचारलं की अपेक्षा तयार होते, आणि ती तुम्ही पुरी करू शकणार नाही.

तपासा: वाक्यात ‘मी’ आहे का? बदल कोण करणार ते स्पष्ट आहे का? महिनाभरात करता येईल इतका तो छोटा आहे का?

टप्पा २: नावानिशी की निनावी, हे आधी ठरवा

हा निर्णय ॲप निवडण्याच्या आधी घ्यायचा असतो, कारण ॲप त्यावरच ठरतं. साधा निकष असा: उत्तर दिल्यामुळे देणाऱ्याला तोटा होऊ शकतो का? नव्या सॉफ्टवेअरमध्ये कोणतं बटण सापडत नाही, शिफ्ट बदलताना कोणती नोंद राहून जाते, असे प्रश्न नावानिशी विचारलेले बरे. पुढे त्या व्यक्तीला गाठून खुलासा विचारता येतो. वरिष्ठांचं वागणं, कामाचा ताण, भेदभाव हे विषय निनावीच हवेत.

निनावी ठरवलंत तर एक हिशेब करा: किती लोक उत्तर देणार आहेत? अनेक सर्वेक्षण ॲप्स किमान ५ उत्तरं आल्याशिवाय एखाद्या गटाचा निकाल दाखवत नाहीत, आणि हा नियम तुमच्या साध्या फॉर्मलाही लावून घ्या. तीन जणांच्या टीममध्ये निनावी फॉर्म ही केवळ नावाची गोष्ट आहे. लिहिण्याच्या शैलीवरूनच माणूस ओळखू येतो. तिथे समोर बसून बोला.

गट पाडतानाही जपा. समजा नऊ जणांची टीम आहे, आठ दिवसपाळीत आणि एक रात्रपाळीत. तुम्ही संपूर्ण टीमची सरासरी सांगितली आणि दिवसपाळीची वेगळी सांगितली, तर रात्रपाळीतल्या एकट्या माणसाचं उत्तर कुणीही वजाबाकी करून काढू शकतं. विभाग, वय, किती वर्षं काम करता, असे ओळख सांगणारे प्रश्न तीन-चार एकत्र आले की नाव न विचारताही नाव कळतं. निर्णयासाठी लागत नसेल तर असा एकही प्रश्न ठेवू नका.

सावधान: आधी ‘निनावी आहे’ म्हणून नंतर ‘हे कुणी लिहिलं?’ असा शोध कधीही घेऊ नका, गमतीनेही नाही. एकदा हे झालं की त्या टीममध्ये निनावी फॉर्मचा विषय संपला.

टप्पा ३: ॲप निवडा

यावर फार वेळ घालवू नका. जे ॲप लोकांच्या फोनमध्ये आधीपासून आहे ते चांगलं. फक्त फीडबॅकसाठी नवं ॲप डाउनलोड करायला लावलंत, त्यात पासवर्ड आला, की निम्मा उत्साह तिथेच मावळतो.

व्हॉट्सॲप ग्रुपमधला पोल एका प्रश्नासाठी सोपा आहे, पण तिथे कुणी कोणता पर्याय निवडला ते ग्रुपला दिसतं. मीटिंगची वेळ ठरवायला तो उत्तम. ‘कामाचा ताण किती’ हे विचारायला अजिबात नको, कारण पहिल्या दोघांनी जे दाबलं तेच बाकीचे दाबतात. टेलिग्राममध्ये पोल बनवताना निनावी मतदानाचा पर्याय असतो. पाठवण्याआधी तो चालू आहे ना ते पाहा. मेंटिमीटर किंवा स्लायडोसारखी साधनं मीटिंग चालू असताना सर्वांकडून एकाच वेळी उत्तरं घ्यायला योग्य. तीन-चार प्रश्न आणि एक मोकळं उत्तर हवं असेल तर गूगल फॉर्म्स किंवा मायक्रोसॉफ्ट फॉर्म्स पुरेसे आहेत. दोन्ही ब्राउझरमध्ये उघडतात, डाउनलोड लागत नाही.

वेगळं फीडबॅक ॲप वापरणारच असाल तर नोटिफिकेशनची परवानगी तपासून घ्या. आयफोनवर आणि अँड्रॉइड १३ पासून पुढे ॲपला नोटिफिकेशनसाठी परवानगी मागावी लागते. ज्यांनी पहिल्याच दिवशी ‘नको’ दाबलं त्यांना तुमची सूचना पोचतच नाही, आणि तुम्ही मात्र त्यांना उदासीन समजता.

टप्पा ४: प्रश्न लिहा

तीन प्रश्न. फार तर पाच. फोनवर उभ्याउभ्या उत्तर देणारा माणूस याहून जास्त मन लावून वाचत नाही. सहाव्या प्रश्नापासून तो एकाच रांगेत टिचक्या मारत जातो.

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्या. चुका नेहमी त्याच त्या असतात.

पहिली, एका प्रश्नात दोन गोष्टी. ‘मीटिंग वेळेवर सुरू होते आणि उपयोगी असते का?’ वेळेवर सुरू होते पण निरुपयोगी आहे असं वाटणाऱ्याने काय निवडायचं? ‘आणि’ किंवा ‘व’ दिसला की प्रश्न तोडा.

दुसरी, उत्तर सुचवणारा प्रश्न. ‘नवी पद्धत तुम्हाला किती आवडली?’ यात आवडली हे धरूनच चाललो आहोत. त्याऐवजी: ‘नव्या पद्धतीमुळे तुमचं काम सोपं झालं, अवघड झालं की फरक पडला नाही?’

तिसरी, काळ न सांगणं. ‘मदत वेळेवर मिळते का?’ म्हणजे कधी? माणूस शेवटची घटना आठवून उत्तर देतो. ‘गेल्या दोन आठवड्यांत’ असा काळ घातला की सगळे एकाच काळाबद्दल बोलतात.

चौथी, माणसावर बोट. ‘तुमचा सीनियर चांगला आहे का?’ यावर कुणी खरं लिहीत नाही, आणि लिहिलं तरी त्यातून काय करायचं ते कळत नाही. ‘गेल्या दोन आठवड्यांत काम अडलं तेव्हा कुणाला विचारायचं हे तुम्हाला माहीत होतं का?’ यावर मात्र कृती करता येते.

एक प्रश्न जवळून पाहू. मूळ मसुदा असा होता:

‘शिफ्ट बदलताना होणारा संवाद आणि सहकार्य यांबद्दल आपण किती समाधानी आहात? (१ ते १०)’

यात दोन गोष्टी आहेत, काळ नाही, आणि ६ आणि ७ यांत काय फरक ते कुणालाच सांगता येणार नाही. सुधारून:

‘गेल्या आठवड्यात तुमची शिफ्ट सुरू झाली तेव्हा आधीच्या शिफ्टचं अपुरं राहिलेलं काम तुम्हाला लेखी मिळालं होतं का? प्रत्येक वेळी / बहुतेक वेळा / क्वचित / एकदाही नाही / लागू नाही’

लगेच खाली मोकळा प्रश्न: ‘कोणती एक माहिती मिळाली असती तर तुमचा वेळ वाचला असता?’

‘लागू नाही’ हा पर्याय विसरू नका. गेला आठवडा रजेवर असलेला माणूस नाहीतर काहीतरी दाबून पुढे जातो, आणि ते उत्तर तुमच्या हिशेबात मिसळतं.

मोकळा प्रश्न एकच ठेवा आणि तो नेमका ठेवा. ‘काही सूचना?’ याला ‘नाही’ हेच उत्तर येतं. ‘एकच गोष्ट बदलायची असेल तर कोणती?’ याला खरी उत्तरं येतात. तो ऐच्छिक ठेवा; सक्तीचा केलात तर लोक एक टिंब टाकून पुढे जातात.

तपासा: प्रत्येक प्रश्न टप्पा १ मधल्या वाक्याशी जुळतो का? ज्याच्या उत्तराने तुमचा निर्णय बदलणार नाही तो प्रश्न काढून टाका. कितीही रोचक असला तरी.

टप्पा ५: सेटिंग्ज एकेक करून पाहा

निनावीपणाचं वचन इथे मोडतं, आणि ते मोडणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

गूगल फॉर्म्समध्ये ईमेल गोळा करण्याची सेटिंग बंद आहे का ते पाहा. ‘एका व्यक्तीकडून एकच उत्तर’ ही मर्यादा लावलीत तर लोकांना गूगल खात्यात साइन इन करावं लागतं. ईमेल गोळा करणं बंद असेल तर त्यांचा पत्ता तुम्हाला दिसत नाही, पण फॉर्म उघडताना त्यांना स्वतःचा पत्ता वर लिहिलेला दिसतो आणि पोटात गोळा येतो. संवेदनशील विषय असेल तर ही मर्यादा काढा. एखाद्याने दोनदा भरला तर चालेल, भीतीने कुणी भरलाच नाही तर चालणार नाही.

फोटो किंवा फाइल जोडायला सांगणारा प्रश्न निनावी फॉर्ममध्ये नको. फाइल अपलोड करताना गूगल साइन इन मागतं आणि त्या खात्याचं नाव नोंदवलं जातं.

आणखी एक सेटिंग असते, उत्तरांचा गोषवारा भरणाऱ्यांना दाखवण्याची. ती चालू राहिली तर फॉर्म भरून झाल्यावर कुणालाही बाकीच्यांची उत्तरं वाचता येतात, मोकळ्या प्रश्नातली वाक्यंसुद्धा. बंद ठेवा.

मायक्रोसॉफ्ट फॉर्म्समध्ये ‘फक्त माझ्या संस्थेतले लोक’ हा पर्याय निवडला असेल तर त्याखालचं ‘नाव नोंदवा’ हे खूण काढून बंद करा.

आता वेळेची नोंद. दोन्ही ठिकाणी प्रत्येक उत्तरासोबत वेळ नोंदली जाते. दुपारी २ वाजून १० मिनिटांनी एक उत्तर आलं, आणि त्याच वेळी टीममधला एकच जण जेवणाच्या सुट्टीवर होता, एवढं ओळख पटायला पुरतं. उत्तरांची शीट (ज्या तक्त्यात सगळी उत्तरं जमा होतात तो) उघडल्यावर पहिलं काम म्हणजे तो वेळेचा रकाना लपवा. शीट दुसऱ्या कुणाला द्यायची असेल तर ओळींचा क्रमही बदला, आणि तीही वेळेशिवायची प्रत म्हणून द्या.

शेवटी, फॉर्म संपादित करण्याचा अधिकार कुणाकुणाला आहे ते बघा. ज्याला संपादनाचा अधिकार त्याला सगळी उत्तरं दिसतात. मदतीला घेतलेल्या सहकाऱ्याला हा अधिकार दिला असेल आणि तो त्याच टीमचा असेल, तर पाठवण्याआधी काढून घ्या.

टप्पा ६: फोनवर भरून पाहा

फॉर्म बहुतेक वेळा लॅपटॉपवर बनतो आणि फोनवर भरला जातो. लिंक स्वतःच्या फोनवर पाठवा आणि एका हाताने भरून पाहा. तक्त्यासारखा प्रश्न, ज्यात डावीकडे विधानं आणि वर पर्याय असतात, लहान स्क्रीनवर बाजूला सरकवावा लागतो. शेवटचे पर्याय दिसतच नाहीत आणि लोक दिसतील त्यांतून निवडतात. असा प्रश्न मोडून सुटे प्रश्न करा. लांब ड्रॉपडाउनऐवजी सरळ पर्याय ठेवा.

मग लॉग आउट करून किंवा ब्राउझरच्या खाजगी (इनकॉग्निटो) विंडोमध्ये तीच लिंक उघडा. परवानगी मागत असेल तर तुमच्या टीममधल्या कुणाला तरी तेच दिसणार आहे. टीमबाहेरच्या एका माणसाला भरायला सांगा आणि विचारा, कोणता प्रश्न दोनदा वाचावा लागला? तो बदला. चाचणीची उत्तरं पुसायला विसरू नका.

टप्पा ७: पाठवताना काय लिहायचं

नुसती लिंक टाकू नका. मेसेजमध्ये चार गोष्टी हव्यात: कशासाठी, किती वेळ लागेल, उत्तरं कोण पाहणार, आणि पुढे काय होणार. असा:

‘सकाळच्या मीटिंगची वेळ आणि पद्धत बदलायचा विचार आहे, त्यासाठी तुमचं मत हवं आहे. तीन प्रश्न आहेत, दोन मिनिटं लागतील. नाव किंवा ईमेल नोंदवला जात नाही. उत्तरं फक्त मी वाचणार आहे. गुरुवारी संध्याकाळपर्यंत भरा. काय ठरलं ते सोमवारच्या मीटिंगमध्ये सांगतो.’

शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, आणि तेच बहुतेक मेसेजमध्ये नसतं.

वेळ कामाच्या तासांतलीच निवडा. रात्री आलेली लिंक उघडून ठेवली जाते आणि सकाळी शंभर मेसेजखाली जाते. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळीही नको. मुदत दोन ते तीन कामाचे दिवस पुरे. आठवडा दिलात तर सगळे ‘नंतर भरू’ म्हणतात. आठवण एकदाच करा, मुदतीच्या दिवशी सकाळी, आणि ती सगळ्या ग्रुपला. ज्यांनी भरलं नाही त्यांना वेगळा मेसेज पाठवलात तर ‘निनावी आहे म्हणता, मग मी भरलं नाही हे कसं कळलं?’ हा प्रश्न योग्यच आहे.

ज्यांच्याकडे कामावर फोन नसतो किंवा ठेवायला परवानगी नसते, त्यांच्यासाठी विश्रांतीच्या जागी क्यूआर कोड लावा, किंवा एखादा सामायिक टॅब्लेट ठेवा. त्यांना वगळून आलेला निकाल ‘टीमचा’ नसतो.

टप्पा ८: उत्तरं वाचा

मुदत संपेपर्यंत उघडू नका. पहिली दोन उत्तरं वाचून मन तयार होतं, आणि मग बाकीची त्या चष्म्यातून दिसतात.

आधी किती जणांनी भरलं ते पाहा. बारापैकी चौघांनीच भरलं असेल तर आकड्यांवरून काही ठरवू नका. लोकांनी का भरलं नाही, हीच आता चौकशीची बाब आहे.

सरासरीवर विसंबू नका. पाच जणांनी प्रत्येकी ३ दिले तरी सरासरी ३, आणि ५, ५, ३, १, १ असे दिले तरीही ३. पहिल्या टीममध्ये सगळ्यांना ठीकठाक वाटतंय, दुसरी सरळ दुभंगलेली आहे. प्रत्येक पर्यायाला किती मतं पडली ते पाहा.

काही ॲप्स ० ते १० च्या प्रश्नावरून एक स्कोअर काढून देतात: ९ आणि १० देणाऱ्यांच्या टक्क्यांतून ० ते ६ देणाऱ्यांचे टक्के वजा करून. मोठ्या संस्थेत त्याला अर्थ आहे. आठ जणांच्या टीममध्ये एकाने ९ ऐवजी ६ दिला तर हा स्कोअर २५ अंकांनी घसरतो. एका माणसाचा एक वाईट दिवस, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. लहान टीममध्ये तो आकडा बघूच नका.

मोकळी उत्तरं मात्र सगळी वाचा, दोनदा. सारख्या तक्रारी एकत्र ठेवा, पण एकट्याने लिहिलेली गोष्ट फेकू नका. सुरक्षा, छळ किंवा गैरव्यवहार याबद्दल एकानेही लिहिलं असेल तर ते मतदान नव्हे. तुमच्या संस्थेत त्यासाठी जी रीतसर व्यवस्था आहे तिच्याकडे ते लगेच न्या.

टप्पा ९: काय ठरलं ते परत सांगा

सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या ठिकाणी. तीन भाग पुरतात: काय ऐकलं, काय बदलणार आणि कधीपासून, काय बदलणार नाही आणि का. तिसरा भाग टाळण्याकडे कल असतो, पण विश्वास त्यानेच बसतो. ‘मीटिंग पूर्ण बंद करा असं काहींनी लिहिलं आहे. ती ठेवतोय, कारण नव्या लोकांना अडचणी मांडायला सध्या दुसरी जागा नाही’ असं स्पष्ट सांगितलं तर न पटणाराही पुढच्या वेळी लिहितो.

मोकळ्या उत्तरांतली वाक्यं जशीच्या तशी वाचून दाखवू नका. शब्दांवरून माणूस कळतो. मथितार्थ तुमच्या शब्दांत सांगा.

सावधान: निकाल सांगताना स्वतःची बाजू मांडत बसू नका. ‘पण तुम्हाला माहीत नाही, माझ्यावर किती...’ असं एक वाक्य आलं की पुढच्या फॉर्ममध्ये सगळे ‘छान चाललंय’ लिहितात.

टप्पा १०: एका व्यक्तीला मोबाइलवरून फीडबॅक द्यायचा असेल तर

अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनीसी यांनी १९९६ साली फीडबॅकवरच्या जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. सहाशेहून अधिक निष्कर्षांपैकी एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर कामगिरी खालावलेली होती. त्यांची मांडणी अशी की फीडबॅकने लक्ष कामावरून उठून स्वतःच्या लायकीकडे वळलं की त्याचा उपयोग घटतो. मोबाइलवर हा धोका जास्त, कारण आवाज नाही, चेहरा नाही, आणि चार शब्दांचा मेसेज आहे त्यापेक्षा कडक वाचला जातो.

म्हणून प्रसंग, कृती, परिणाम या क्रमाने लिहा. सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या नेतृत्व-प्रशिक्षण संस्थेने रूढ केलेली ही रीत फोनसाठी सोयीची आहे, कारण ती तीन वाक्यांत मावते. ‘कालचं प्रेझेंटेशन मस्त!’ याऐवजी: ‘कालच्या प्रेझेंटेशनमध्ये ग्राहकाने खर्चाबद्दल विचारलं तेव्हा तू थेट तुलनेचा तक्ता उघडलास. त्यामुळे चर्चा तिथेच मिटली आणि आपल्याला पुढची तारीख मिळाली.’ आता कोणती गोष्ट पुन्हा करायची ते तिला नेमकं कळलं.

सुधारणेबद्दलचा फीडबॅक मेसेजवर देऊ नका. मेसेजवर फक्त वेळ मागा: ‘कालच्या रिपोर्टमधल्या दुसऱ्या तक्त्याबद्दल बोलायचं आहे, आज चारला दहा मिनिटं जमेल का?’ विषय नक्की लिहा. ‘जरा बोलायचंय’ एवढंच लिहिलंत तर समोरच्याचा अख्खा दिवस काळजीत जातो. आणि ग्रुपवर कुणाचीही चूक दाखवू नका. इमोजी जोडल्याने ती सौम्य होत नाही.

टप्पा ११: फॉर्म बंद करा आणि पुढची तारीख ठरवा

मुदत संपताच उत्तरं स्वीकारणं बंद करा, नाहीतर महिन्याभराने कुणीतरी जुनी लिंक उघडून भरतं. निर्णय झाल्यावर शीट किती दिवस ठेवायची ते आधी सांगितलं असेल तर त्या दिवशी पुसा, फोनवर उतरवलेल्या प्रतीसकट.

पुढचा फॉर्म कधी? आधीचा बदल लागू होऊन लोकांना त्याचा अनुभव येईपर्यंत नाही. दर आठवड्याला आपोआप जाणारा फॉर्म लावून ठेवणं सोपं आहे, पण दर आठवड्याला काही बदलण्याची ताकद तुमच्याकडे नसेल तर तो लावू नका. पुन्हा विचाराल तेव्हा निदान एक प्रश्न शब्दही न बदलता तोच ठेवा. शब्द बदलले की आधीच्या उत्तरांशी तुलना करता येत नाही.